छातीतली जवारी

पंचम

“साफ आवाज आला की सांगा, अब्बा.”

“कशासारखा साफ?”

“साफ म्हणजे साफ. सगळ्या पेशंटना एवढंच विचारायचं असतं.”

“बरं. पीळ खुंटी.”

बिल्किस शिकलगारने हातातल्या यंत्राची कळ फिरवायला घेतली. मिरजेतल्या एका मोठ्या इस्पितळात ती टेक्निशियन होती आणि कॉटवर उघड्या अंगाने पडलेले दस्तगीरभाई तिचे वडील होते. त्यांच्या डाव्या हासळीच्या हाडाखाली नुकतीच एक चकती चिकटवली होती, शर्टाच्या बटणाहून थोडी मोठी. कोपरांवर आणि कानांमागे लाल चट्टे होते, त्यांवर चांदीच्या वर्खासारखे खवले. ते बिल्किस लहानपणापासून बघत आली होती. लहान असताना तिला वाटायचं, तंबोरे करणाऱ्या सगळ्याच माणसांच्या अंगावर वर्ख असतो.

कॉटजवळच्या स्पीकरमधून आधी पोटातली गुरगुर आली, मग श्वासाची फुंकर. कळ फिरत गेली तशी दोन्ही गळून पडली. एक सपाट, बोदा आवाज उरला.

“झाला?”

“ह्याला आवाज म्हणतात होय? घागरीवर बोट मारल्यासारखं लागतंय. फिरव अजून.”

तिने फिरवली. आवाज चिरला. चिरेतून दुसरा आवाज निघाला, त्यातून तिसरा, आणि खोलीत कुणीतरी मोहोळाला धक्का लावल्यासारखी गुणगुण भरली. बिल्किसच्या दंडावर काटा आला.

“हां,” दस्तगीरभाईंनी डोळे मिटले. “थांब. लागला.”

“लागला,” बिल्किसही म्हणाली. आपण म्हणालो हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: शून्य निश्चित झाले.

घरच्या माणसाला घरच्याने चकती बसवायची नाही, असा नियम होता. दस्तगीरभाईंनी तो हसण्यावारी नेला होता. म्हणाले होते, माझी खुंटी परक्याच्या हातून पिळून घेऊ काय?

जोड

जवारी म्हणजे काय, हे तंतुवाद्यांच्या गल्लीत कुणी कुणाला शिकवत नाही. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते, तिचा माथा कानशीने किंचित गोलसर घासलेला असतो. तार त्या माथ्याला टेकत, सुटत थरथरते. म्हणून ती नुसती टणकन वाजत नाही. तिचा आवाज फुलतो, त्यात बारीक कंप मिसळतो. तो कंप म्हणजे जवारी. तो नसेल तर तंबोरा म्हणजे डब्याला बांधलेली तार.

दस्तगीरभाईंचं आयुष्य हा कंप आणण्यात गेलं होतं. आता बोटं साथ देईनात. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजायचं, राजेळी केळ्यासारखं.

“तीस वर्षं मी लाकूड जोडायच्या सरसाला शिव्या दिल्या,” ते डॉक्टर ऐनापुरेंना म्हणाले होते. “म्हटलं, सरस बाधतोय.”

“सरसाचा काही दोष नाही,” डॉक्टर ऐनापुरे सांध्यांच्या डॉक्टर होत्या. शांत बाई. शांतपणे वाईट बोलायच्या. “तुम्हाला सोरायटिक आर्थ्रायटिस आहे. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी चुकून शरीरावरच उलटतात. कातडीवर जी आग दिसते, तीच बोटांच्या सांध्यांत दुखते. आणि तीच आग रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला लागते. तिथं ती दिसत नाही. दुखतही नाही.”

“मग कळणार कसं?”

“बऱ्याच जणांना हृदयाचा झटका आल्यावरच कळतं.”

डॉक्टरांनी पुढे सांगितलं ते असं. रक्तदाब, साखर, पोटाचा घेर, तंबाखू, हे धोके सगळ्यांनाच असतात. पण या आजाराच्या माणसांत ते जास्त आढळतात, आणि त्यांच्या जोडीला ही आतली धग असते. धोका मोजायचे नेहमीचे हिशेब निरोगी माणसांवर बसवलेले, म्हणून अशा पेशंटचा धोका ते कमी दाखवतात. आग भडकलेली असताना रक्तातलं कोलेस्टेरॉल उलट कमी दिसू शकतं. रिपोर्ट चांगला आला म्हणून माणूस खूश होतो.

“आणि ती दुखण्याची गोळी? ती घेतल्याशिवाय मला कानस धरता येत नाही.”

“ती दुखणं मारते, आग विझवत नाही. आणि हृदयावर तिचा स्वतःचा भार पडतो तो वेगळाच.”

म्हणून ही चकती. निरोगी अस्तरावरून रक्त सुळकन जातं. जिथे अस्तर सुजतं, खडबडीत होतं, तिथे रक्ताला बारीक भोवरे पडतात आणि भोवऱ्यांना आवाज असतो. माणसाच्या कानाला तो कधीच ऐकू आला नव्हता. चकती तो ऐकते. पण प्रत्येकाची हाडं वेगळी, चरबी वेगळी, आणि छातीतला आवाज हाडातून ज्याचा त्यालाच सगळ्यात नीट ऐकू येतो. म्हणून बसवताना पेशंटलाच विचारतात: साफ केव्हा झाला? तो जिथे हो म्हणेल, ते त्याचं शून्य. त्या आवाजात जे काही असेल ते चकती या शरीराचं नेहमीचंच धरते आणि सोडून देते. त्यापुढे ठरावीक हद्दीबाहेर काही गेलं, तर शिट्टी वाजवते.

दस्तगीरभाईंची चकती कधी वाजली नाही.

जोड

त्या दिवसांत शिकलगारांच्या घरात कुणी न बोललेली वाक्यं:

आमटी अळणी झालीय.

बिल्किस, त्या तासगावच्या मुलाकडच्यांना काय कळवायचं?

अब्बा, तुम्ही ती गोळी आज परत घेतलीत.

सकाळी उठल्यावर माझी टाच जमिनीला टेकवत नाही.

चकतीबरोबर घरी ठेवायला एक छोटा स्पीकर मिळाला होता, छातीतला आवाज दिवसभर ऐकवणारा. दस्तगीरभाईंनी तो कारखान्यातल्या कोनाड्यात ठेवला. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. छताला भोपळे टांगलेले, भिंतीला दांड्या टेकवलेल्या. पहिले काही दिवस बिल्किसची आई जैबुन्निसा हातातलं काम टाकून त्या आवाजापुढे येऊन बसायची. भांडण झालं की आवाज चढायचा, कारण नाडी चढायची. म्हणून भांडणं बंद झाली. मग मोठ्याने हसणं बंद झालं. शेजारची माणसं आली की दारातच चपला हातात घेऊन उभी राहायची, जणू आत कुणी झोपलंय.

“मेलो नाही अजून,” दस्तगीरभाई म्हणायचे. “बोला की जरा.”

कुणी बोलायचं नाही. सगळे ऐकायचे.

हळूहळू मात्र भीती निवली, कारण आवाज गोड होता. एकसारखा, दाट, भरलेला. दस्तगीरभाई नवा तंबोरा त्या आवाजाशेजारी धरून घोडी घासू लागले. धारवाडहून एक गायिका तंबोऱ्यांची जोडी पसंत करायला आल्या. तार छेडली, पुन्हा छेडली. मग विचारलं, “ह्यात नवीन काय घातलंत?”

“काही नाही. ह्याला जोडीदार मिळालाय.”

आठवड्यातून एकदा घ्यायची आग विझवण्याची एक गोळी होती. तिने त्यांना मळमळायचं, दुसरा दिवस वाया जायचा. ती त्यांनी सोडली. डॉक्टर ऐनापुरे त्याऐवजी इंजेक्शनं सुरू करू म्हणत होत्या.

“कशाला? चकती बोलत नाही, बोटं चालतायत. सुया कशाला टोचून घेऊ?”

डॉक्टरांनी बिल्किसकडे बघितलं. “तुझं काय म्हणणं?”

बिल्किसने हात टेबलाखाली घेतले होते. नखांना मेंदी होती. गेलं वर्षभर तिच्या नखांची मेंदी कधी उतरलेली नव्हती.

“चकती शांत आहे, मॅडम,” ती म्हणाली. “मी रोज ऐकते. आवाज फार चांगला आहे.”

“ठीक आहे. पुढच्या तपासणीपर्यंत थांबू.”

खर्ज

“साफ झाला की सांगा.”

“झाला की.”

“इतक्यात?”

“व्हय. गाडीचं इंजिन बंद केल्यावर कसं गप्प होतं, तसं झालंय बघा.”

कॉटवर सुलभा चौगुले होत्या. जयसिंगपूर डेपोत कंडक्टर. आजार तोच, दस्तगीरभाईंचा. टाचा सुजलेल्या, भांगात खवले, आणि बोलणं गाडीभर ऐकू जाईल असं.

बिल्किसने बटणावर अंगठा ठेवला, पण दाबला नाही. स्पीकरमधून तोच सपाट, बोदा आवाज येत होता. आजवर बसवलेल्या प्रत्येक पेशंटने तो इथेच थांबवला होता. तिला त्यांची कीव यायची. लोकांना कान नसतो, दुसरं काय. प्रशिक्षणात ऐकवलेला नमुनाही असाच होता. तेव्हा तिने धरलं होतं की कंपनीने स्पीकर हलका पाठवला असणार.

“मावशी, थोडं पुढं नेऊन बघू?”

“बघा की. तुमचं यंत्र.”

तिने कळ फिरवली. आवाज चिरला, फुलला, मोहोळ उठलं.

“अगं बाई! हे काय? काच थरथरायला लागली. मागं घ्या, मागं घ्या.”

“हा आवाज वाईट वाटतोय तुम्हाला?”

“वाईट? आमच्या जुन्या गाडीची मागची काच अशीच करायची. कुठंतरी काहीतरी ढिलं झालंय, असा आवाज हाय त्यो. शेंबडं पोरगं पण सांगंल.”

बिल्किसने कळ मागे घेतली. एकदम नाही. जितकी पुढे नेली होती तितकीच, हळूहळू. तिला घाई करता येईना. सपाट आवाज आला. तिने बटण दाबलं.

मावशींचं मोहोळ अजून हद्दीतलं होतं, शिट्टी वाजली नाही.

“झालं?” सुलभाबाईंनी पदर सावरला. “आणि तुमचं तोंड का असं पांढरं पडलंय? माझं काही…”

“नाही, मावशी. तुमचं बरोबर आहे. तुमचं अगदी बरोबर आहे.”

जिन्यावर येऊन तिने घरी फोन लावला.

“अम्मी, अब्बा कुठंयत?”

“बसलेत की कामाला. आज धारवाडची जोडी न्यायला येणारेत. सकाळपासनं डावा खांदा धरलाय म्हणतात. रोजचंच. गोळी दिलीय.”

“घाम आलाय?”

“उकडतंय म्हणून…” जैबुन्निसाचा आवाज थांबला. मग अगदी हळू: “तुला कसं कळलं?”

पंचम

पंचम, दोन जोड, खर्ज: चौथी तार वाजून गेली म्हणून तंबोरा थांबत नाही. बोट पुन्हा पहिल्या तारेवर येतं.

बिल्किस दारातून आत आली तेव्हा दस्तगीरभाई मांडीवर तंबोरा आडवा घेऊन बसले होते. कोनाड्यातला स्पीकर गात होता. दुसरा शब्दच नाही. गात होता. इतके दिवस ज्यावर घर निजलं होतं तो आवाज, दाट, मधासारखा. बिल्किसला तो आता ऐकवेना.

“कानस खाली ठेवा, अब्बा.”

“एवढा एक हात मारू दे.”

“खाली ठेवा.”

तिचा स्वर ऐकून त्यांनी मान वर केली. चेहरा मातकट झाला होता. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते आणि ते पुसायचं त्यांना सुचलेलं नव्हतं.

“खांदा कुठवर दुखतोय?”

“जबड्यापर्यंत. सांध्याचंच हाय ते. आज ढग आलेत, ढगात दुखतं.”

“आपलं शून्य चुकलंय, अब्बा.”

“काय चुकलंय?”

इस्पितळातून आणलेलं यंत्र तिने पिशवीतून काढलं. “साफ म्हणजे तो बोदा आवाज. घागरीसारखा. तो तुम्ही नको म्हणालात. आपण पुढे गेलो. ही जी जवारी आहे ना, ती रोग आहे. तुमच्या रक्तवाहिन्या सुजून खडबडीत झाल्यात, त्यावरनं रक्त घासत जातंय, त्याचा आवाज आहे हा. आपण चकतीला सांगितलं, हेच बरोबर आहे. म्हणून ती गप्प राहिली.”

दस्तगीरभाई तिच्याकडे बघत राहिले. मग कोनाड्याकडे.

“पण लागलेला होता गं,” ते म्हणाले. “चांगला लागलेला होता. तू पण म्हणालीस.”

“मी पण म्हणाले.”

तिने यंत्र चकतीला जोडलं आणि कळ उलटी फिरवली. मोहोळ शांत होत गेलं. एकेक पदर मिटला. शेवटी तो सपाट, बोदा आवाज खोलीत उरला आणि छताचे सगळे भोपळे एकदम रिकामे वाटले.

“बंद केलीस,” दस्तगीरभाई पुटपुटले. “माझी जवारी बंद केलीस.”

बिल्किसने बटण दाबलं. शून्य निश्चित झाले.

एक क्षण काही नाही.

मग त्यांच्या छातीतून शिट्टी सुरू झाली. एका सुरात, उतार नाही, चढ नाही, श्वास नाही. आतल्या खोलीत जैबुन्निसाच्या हातून काहीतरी पडलं.

जोड

“कृपया पट्टा लावा.”

“लावलाय, चल ना बाई, चल!”

“पाठीमागच्या प्रवाशाने पट्टा लावलेला नाही.”

बिनचालकाची रिक्षा. शिव्या द्यायला पुढे माणूस नाही, विनवायला माणूस नाही. जैबुन्निसाने नवऱ्याच्या पोटावरून पट्टा ओढला, तो सुजल्या बोटांना लागला, ते कळवळले, शिट्टी…

“प्रवास सुरू होत आहे. पुढे शाळा आहे, वेग कमी ठेवला आहे.”

“इमर्जन्सी आहे! इस्पितळ! ऐकतेस का?”

“आपली सूचना नोंदवली आहे.”

शिट्टी. अब्बांच्या शर्टातून, अम्मीच्या पदराआडून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. सिग्नलला थांबलेल्या माणसांनी वळून बघितलं. एकाने कानावर हात ठेवले.

“बिल्किस.”

“बोलू नका, अब्बा. ती हृदयाची गोळी जिभेखाली धरा.”

“ही शिट्टी… कोमल धैवताला…”

“अब्बा!”

“थोडी उतरलेली हाय. तेवढं कंपनीला…”

ते हसायला गेले. हसू अर्ध्यावर राहिलं. चेहऱ्याचा रंग आणखी एक पायरी खाली गेला. जैबुन्निसा मोठमोठ्याने कलमा म्हणू लागली. कित्येक महिन्यांत त्या घरातलं कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

“पुढे वळण आहे,” रिक्षा म्हणाली. “कृपया शांत बसा.”

जोड

इस्पितळात आतली माणसं दार उघडायची आणि मिटायची. बाहेर बाकावर दोघी.

जैबुन्निसा अनवाणीच बसून होती. चप्पल घरीच राहिली होती. ती म्हणाली, “चकती तूच बसवलीस ना?”

“हो.”

“आणि डॉक्टरीणबाईला तूच म्हणालीस, आवाज चांगला आहे.”

“हो, अम्मी.”

जैबुन्निसाने पदराचं टोक दातात धरलं. मग सोडलं. “मलाबी चांगला वाटायचा गं,” ती म्हणाली. “दुपारी त्याच्याजवळ झोप लागायची मला.”

या वाक्यावर दोघींपैकी कुणाला रडता आलं नाही.

डॉक्टर ऐनापुरे आल्या त्या थेट समोर येऊन उभ्या राहिल्या. हृदयाच्या डॉक्टरांनी तार घालून रक्तवाहिनी मोकळी केली होती, जाळी बसवली होती. माणूस वाचला. हृदयाचा एक कोपरा मात्र गेला, तो परत येणार नाही. आग विझवणारी इंजेक्शनं आता टाळता येणार नाहीत. दुखण्याची ती गोळी कायमची बंद.

“तुम्ही वेळेवर आणलंत,” त्या बिल्किसला म्हणाल्या. “आणि चूक माझीही आहे. मी शिट्टीवर विसंबले. शिट्टी नाही म्हणजे आग नाही, असं मी धरलं. चट्टे माझ्या डोळ्यांसमोर होते.”

त्यांनी बिल्किसच्या हाताला धरून तिला उठवलं. धरलेला हात सोडला नाही. उलटा केला, उजेडाकडे नेला. नवी मेंदी लावायची राहून गेली होती, जुनी फिकटली होती. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, ओळीने नाही, विस्कटलेले.

“ही नखं कधीपासून अशी आहेत?”

बिल्किसने हात ओढून घ्यायला पाहिलं.

“सकाळी टाच दुखते?”

तिने आईकडे बघितलं नाही. आई तिच्याकडे बघत होती.

“घराण्यात असतं हे,” डॉक्टर ऐनापुरे म्हणाल्या. “तुला माहीत आहे. तू रोज हेच काम करतेस.”

माहीत होतं. नखं, मग सांधे, मग आत. आणि आत काय वाजत असेल याची तिला कल्पना होती. कित्येकदा ड्यूटी संपल्यावर रिकाम्या खोलीत तिने चकती हातात घेऊन परत ठेवली होती.

खर्ज

काही महिन्यांनी दस्तगीरभाई इस्पितळात, चकती बसवायच्या खोलीत स्टुलावर बसले होते. वाळले होते. कोपरांवरचे चट्टे फिके पडले होते, बोटांची सूज उतरली होती. आजारपणाआधीची, लांब, निमुळती बोटं बिल्किस पहिल्यांदाच बघत होती. त्यांना आता कानस धरता येत होती, गोळीशिवाय. पण दम लागायचा म्हणून थोडंच काम करायचे. कोनाड्यातला स्पीकर त्यांनी बंद करू दिला नव्हता. तो दिवसभर बोदा वाजायचा. दस्तगीरभाई त्याच्याकडे पाठ करून घोडी घासायचे.

“डबा वाजतोय,” ते म्हणायचे. “वाजू दे. डबा वाजतोय तोवर मी हाय.”

आज कॉटवर बिल्किस होती. हासळीखाली चकती गार लागत होती. यंत्र अश्विनीच्या हातात, तिच्याच टीममधली मुलगी. नियम आता कुणी हसण्यावारी नेत नव्हतं.

“साफ आवाज आला की सांग.”

“हो.”

कळ फिरली. गुरगुर आली, गळली. श्वासाची फुंकर आली, गळली. सपाट आवाज उरला. हाडातून तो आणखी बोदा लागत होता, ओल्या मातीवर हात आपटल्यासारखा. इथेच थांबायचं. हे तिला ठाऊक होतं, तरी तोंडातून शब्द निघेना. कानाला हा आवाज अपुरा वाटत होता, अर्ध्यात टाकलेल्या कामासारखा.

अश्विनीने हो ऐकू आलं नाही म्हणून कळ पुढे नेली.

आणि तो आला. आधी चीर, मग चिरेतून दुसरा आवाज, मग मोहोळ. तेच दाट, भरलेलं, मधासारखं. अब्बांच्या छातीत होतं तेच, फक्त कोवळं. ती ते कुणाकडून शिकली नव्हती. डोळे भरून आले, कारण तो सुंदर होता, आणि तिने कॉटची कड घट्ट धरली, कारण तो तिचा होता.

“हां,” स्टुलावरून आवाज आला.

दस्तगीरभाईंनी झटकन स्वतःच्या तोंडावर हात दाबला. बोटांच्या फटीतून त्यांचे डोळे दिसत होते. इतके घाबरलेले डोळे तिने रिक्षातही बघितले नव्हते.

“अश्विनी,” बिल्किस म्हणाली, “मागं घे.”

“इथं नाही?”

“मागं घे.”

एकेक पदर मिटत गेला. तिला वाटलं, अजून एक क्षण राहू दे. तिने दात आवळले.

“अजून मागं. अजून.”

घागर. ओली माती. डबा.

“आता,” ती म्हणाली. “हा साफ आहे. हाच.”

अश्विनीने बटण दाबलं. खोलीतली तिन्ही माणसं चकतीकडे बघत राहिली. दस्तगीरभाईंनी तोंडावरचा हात काढून बिल्किसचा हात धरला, नखांसकट, घट्ट.

शिट्टी सुरू झाली.

अश्विनीचा हात ती बंद करायला पुढे आला. “थांब,” दस्तगीरभाई म्हणाले. “वाजू दे. डॉक्टरीणबाईंना हाक मार आधी.”